अप्पांच्या रांजणातलं विरजण

फोन आला तेव्हा मी आळंदच्या अडत बाजारात पत्रकं वाटत होते. नवी तूर यायला अजून महिना होता, त्यामुळे हमाल पोत्यांवर बसून बिड्या ओढत होते आणि पत्रक हातात घेऊन, न वाचताच, त्याची घडी करून कानामागे खोचत होते. नंबर मेहकरचा होता, पण आवाज महादूचा. महादू म्हणजे बिरूअप्पांचा मुलगा. तो पुण्यात असतो. तो गावच्या नंबरवरून बोलतोय म्हणजे काय, हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. "ताई, अप्पा गेले... काल सकाळी रानातून आले, च्या पिले, भिंतीला टेकले. आईला वाटलं डोळा लागलाय." हातातल्या पत्रकांचा गठ्ठा तसाच राहिला. त्या पत्रकावर खाली नाव आमच्या संघटनेचं होतं, चित्र शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी काढलेलं होतं, पण आतली एकूण एक ओळ अप्पांची होती. ज्या माणसाने मला पत्रक लिहायला शिकवलं, तो तिसरीपर्यंत शिकलेला होता. मी एम.ए. आहे.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अप्पांवर लिहायचं तर पुरवणीच्या वाचकांना आधी हे सांगितलं पाहिजे की ते कुणी मोठे नव्हते. त्यांचा कुठे सत्कार झाला नाही, शाल मिळाली नाही, त्यांच्या रानात कुणी मंत्री येऊन फोटो काढून गेला नाही. सीमेवरच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरचे ते एक शेतकरी. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, अप्पांच्या हाती काठी आली तेव्हा चरायची रानं बांधांनी भरून गेली होती, म्हणून ते नांगराकडे वळले. पण मेंढका काही अंगातून गेला नाही. भाऊकीतली मेंढरं उन्हाळ्यात गावाजवळून जायची, तेव्हा अप्पा आधी त्यांच्याशी बोलायचे आणि मग माणसांशी. मेंढरांशी कन्नडात, कोंडाअक्कांशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, मराठीत, आणि सरकारी माणूस आला की दखनी उर्दूत. "मराठीत बोललं की ते आपल्याला अडाणी समजतंय, कन्नडात बोललं की अर्ज लिहायला लावतंय. उर्दूत बोललं की खुर्ची देतंय," असं ते मला सांगायचे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते चार वर्षांपूर्वी, जून लागायच्या तोंडावर. मी तेवीस वर्षांची. कमलनगरच्या मास्तराची पोर, उदगीरला कॉलेज केलेली, नुकतीच संघटनेत आलेली आणि सगळ्या जगावर चिडलेली. चिडायला कारणं कमी नव्हती. माझ्या जन्माच्या वेळी कमलनगरला औषधाचं दुकान म्हणजे खोकल्याचं औषध मिळायचं ते. मी शाळा संपवेपर्यंत बसस्टँडपासून जीपच्या थांब्यापर्यंत पिकांच्या औषधांच्या पाट्या लागल्या, प्रत्येक पाटीवर गोरापान हसरा शेतकरी, ज्याच्या अंगावर मातीचा कण नाही. एक्याण्णव सालानंतर सगळं खुलं झालं म्हणतात. आमच्याकडे खुलं झालं ते दुकानाचं शटर, आणि तिथे काउंटरमागे बसलेला बारावी नापास पोरगा ठरवणार की कुठल्या रानात काय ओतायचं! मला हे आजही संतापजनक वाटतं. आज फक्त एवढंच म्हणते की त्या पोराची आणि माझी चूक एकाच जातीची होती.

आमच्या भागात तुरीला मर लागते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तूर कमरेच्या वर वाढलेली असते, पिवळा फुलोरा धरलेला असतो, आणि एका दुपारी चार झाडं माना टाकतात. जमिनीत ओल असूनही तहानल्यासारखी. आठवड्याभरात ती उभ्या जागी वाळतात, आणि शेजारच्या आठ झाडांच्या माना खाली येतात. वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते, कोळशाने ओढल्यासारखी. मातीत एक बुरशी असते, ती मुळातून वर चढून झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते. वरून कितीही फवारा, उपयोग शून्य. कारण रोग वर नाहीच. पण फवारणीचा पंप हा आमच्याकडे औताइतकाच घरोघरी झालेला, आणि पंप घरात असला की माणूस फवारतोच.

यावर मातीतलाच उपाय आहे, तो मी एका शिबिरात शिकून आले होते. मर आणणाऱ्या बुरशीला खाऊन टाकणारी दुसरी एक बुरशी असते. तिची पावडर पाकिटात मिळते. ती शेणखतात वाढवायची, निंबोळी पेंडीसोबत पेरणीआधी रानात घालायची. स्वस्त, बिनविषारी, कंपनीच्या बापाची गुलामी नाही! मी त्यावर पत्रक लिहिलं, आम्ही पाकिटं गोळा केली आणि जीप भरून गावोगाव निघालो. मेहकरला मारुतीच्या पारावर मी अर्धा तास बोलले. शेवटी मागे बसलेल्या, मळकट रुमाल बांधलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही पावडर जिती हाय का मेलेली?"

"अप्पा, हे जैविक आहे," मी म्हणाले.

"जैविक म्हंजी जितं का मेलेलं, तेवढं सांग की."

"जिवंत आहे."

"मग ते खातंय काय? ऱ्हातंय कुठं? उन्हात चालतंय का?" लोक हसले. मी पत्रक पुढे केलं, म्हणाले यात सगळं आहे. त्यांनी पत्रकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकिटाचा कोपरा दातांनी फाडला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि पाकीट रुमालात बांधून उठून गेले. मला तो उद्धटपणा वाटला.

आता माझ्या पत्रकाविषयी सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. पत्रक एका पानात बसलं पाहिजे, हा आमच्याकडचा पहिला धडा. मजकूर थोडा जास्त झाला होता. वर मोठ्या अक्षरात घोषणा होती, 'विषमुक्त माती, मुक्त शेतकरी!' ती मला फार आवडायची. छापखानेवाला म्हणाला, घोषणा बारीक करा नाहीतर खालचं काहीतरी काढा. मी खालचं काढलं. एक ओळ. 'खत जुनं, पूर्ण कुजलेलं, हाताला थंड लागणारं असावं, ढीग सावलीत झाकून पंधरवडाभर ओला ठेवावा, आणि लाल पावडर लावलेल्या बियाण्याला हे चोळू नये.' एवढीच ती ओळ. मला वाटलं, शेतकऱ्याला हे कशाला सांगायचं, त्याला माहीतच असतं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण घोषणा होती.

आणि शेतकऱ्याला कसं माहीत असणार? तीस वर्षं जो कागद गावात आला तो हुकूम म्हणून आला. कागदावर 'शेणखतात मिसळा' लिहिलंय ना, मग लोकांनी आदल्या आठवड्याचं ताजं शेण ओढलं, त्यात पावडर कालवली. ताजा ढीग आतून तापतो, हे प्रत्येक बाईला माहीत होतं, पण कागदावर तसं काही नव्हतं. काहींनी दुकानातली लाल पावडर बियाण्याला चोळली, वर आमची पांढरी चोळली. बुरशी मारायचं औषध आणि जिवंत बुरशी, एकाच घमेल्यात! कार्तिकात तूर फुलोऱ्यावर आली आणि माना टाकू लागली. गुंडेराव म्हणून अप्पांच्या वरच्या बांधाचे शेतकरी, गावात त्यांच्या जिभेला सगळे टरकून. त्यांनी माझं पत्रक दारावर चिकटवलं होतं. त्यांचं खालचं सगळं रान बसलं. जीपच्या थांब्यावर मला गाठून चारचौघांत म्हणाले, "ताई, तुझं पत्रक लई कामाला आलं बग. भाकरी बांधायला."

मी रात्रभर जळले आणि सकाळी दुसरं पत्रक लिहिलं. 'बनावट पाकिटं माथी मारणाऱ्यांना जाब विचारा!' चौकशी केली नाही, कुणाला विचारलं नाही. पाकिटं खोटी होती हे मला माहीत नव्हतं, पण तसं असायलाच हवं होतं. नाहीतर चूक कुणाची? पत्रकाचा गठ्ठा घेऊन मेहकरला उतरले, आणि वाटेत पहिलं घर अप्पांचं लागलं म्हणून त्यांच्या हातात पहिला कागद दिला. त्यांनी तो अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "माझी तूर बघितलीस का?"

बघितली नव्हती. त्यांनी रानात नेलं. अप्पांचं रान लांबट, वरून गुंडेरावांच्या बांधाला लागलेलं, खाली ओढ्याकडे उतरलेलं. खालच्या पट्टीत दोन वर्षं तूर आली नव्हती. ओढ्याकडचा शेवट या वर्षीही वाळला होता, पण वरचं बरंचसं उभं होतं. हिरवं, फुललेलं. आणि बांधापलीकडे गुंडेरावांचं रान, तुराट्यांची पलटण उभी करावी तसं. "पाकीट तेच," अप्पा म्हणाले. "पारावर दिलेलं. तुझ्या हातचं." बांधाशी गुंडेरावांचा नवा ढीग होता. दुसऱ्यांदा रचलेला, ताज्या शेणाचा. अप्पा म्हणाले, हात घाल. मी कोपरापर्यंत घातला आणि झटकन काढला. आत वाफ होती. मग घरी आणलं. परसात, न्हाणीच्या भिंतीच्या सावलीत, गळ्याला तडा गेलेला एक रांजण होता, पाण्याच्या कामातून गेलेला. त्यावर ओलं गोणपाट. गोणपाट सारून म्हणाले, आता यात घाल. आत काळंभोर, भुसभुशीत मेंढीखत, विहिरीच्या पायरीसारखं थंड. त्यावर हिरवट पांढरी बुरशी, तव्यावर पीठ भुरभुरावं तशी. "वास घे."

मी हात नाकाशी नेला. ओल्या खोबऱ्याचा वास आला. खत आणि खोबरं! मला वाटलं मला भास होतोय. अप्पा पहिल्यांदा हसले. "पारावर पाकीट फोडलं तवा बी हाच वास व्हता. बारीक. म्हणून तर घेतलं. पाकीट खरं व्हतं पोरी. जितं व्हतं. तुम्ही सगळ्यांनी ते शिजवलं."

"पण मी कुठे सांगितलं शिजवायला?"

"नको शिजवू म्हणून तरी कुठं सांगितलंस? कागदावर एवढी जागा... ही मोठी मोठी अक्षरं कामून लिहिलीस?"

मला त्या घोषणेचा एवढा राग कधीच आला नव्हता. तरीही मी भांडले. भांडणं हे माझं कामच होतं. म्हणाले, अप्पा, चूक कबूल केली तर दुकानवाले दात काढतील, लोक पुन्हा कधी ऐकणार नाहीत, चळवळीचं नुकसान होईल. अप्पांनी ऐकून घेतलं. मग जे बोलले ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. महादू त्यांना पुण्याला चला म्हणत होता. खालची पट्टी अशीच मरणार असेल तर रान बटईने द्या, तिकडे एका कंपनीच्या गेटवर बसायचं काम आहे, सावलीत खुर्ची टाकून. "मेंढरं राखलेल्या माणसाला गेट राखायला बोलवायलाय. गेट काय पळून जायलंय व्हय?" असं म्हणून ते हसले, पण हसू टिकलं नाही. महादूला त्यांनी तीन वर्षं मागून घेतली होती. तीन वर्षांत खालच्या पट्टीत तूर उभी राहिली तर राहायचं, नाहीतर कोंडाअक्कांना घेऊन जायचं. "आन माझ्या एकट्याच्या रानात करून काय व्हतंय? पाणी गुंडेरावच्या बांधावरून माझ्यात उतरतंय. ट्रॅक्टर सगळ्या गावातून एकच फिरायलाय, फाळाला माती घेऊन. त्यांनी केलं तर माझं हुईल. आन तुझ्या कागदानं त्यांचं मन मोडलंय. ते तूच जोड."

दुसऱ्या पत्रकाचा गठ्ठा कोंडाअक्कांनी चुलीला घेतला. मला विचारलंही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी येळवस आली. आमच्या सीमेवरच्या लोकांना सांगायला नको, पण पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गाव ओस पडतं. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ज्वारीची आंबील आणि सगळ्या शेंगांची घट्ट भज्जी यांचा नैवेद्य दाखवतात, आणि 'होलगे होलगे' ओरडत आंबील रानाभोवती शिंपडतात. आणि त्या दिवशी रानात पाय ठेवलेल्या माणसाला जेवल्याशिवाय परत पाठवत नाहीत. वैरी असला तरी. अप्पांनी नेमकं हेच धरलं. म्हणाले, "सभा घेतलीस तर कुणी येणार न्हाई. येळवशीला तूच जा. हाकलता बी येत न्हाई, आन तोंडात घास असला की माणूस मधी बोलत न्हाई." मी म्हणाले, तुम्हीही चला. म्हणाले, "मी कामून? चूक माझी हाय व्हय?" आणि तरीही, काठी घेऊन, पुढे तेच चालले.

त्या दिवशी आम्ही सात कोपी केल्या. प्रत्येक ठिकाणी अप्पा आधी म्हणायचे, "ही पोर कायतरी सांगायलीय. आदी वाढा." मग द्रोणात भज्जी, वर बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबट आंबील, आणि खाता खाता मी सांगायचं की पत्रकातून एक ओळ मी कापली, ती ही, आणि म्हणून तुमची तूर गेली. पाकीट खरं होतं, मी खोटी. पहिल्या कोपीत माझा आवाज फुटला. तिसऱ्या कोपीपर्यंत सरावला. पाचव्या कोपीत पोट फुटायला आलं, मी नको म्हणाले तर अप्पा खाकरले, "माफी मागायला आलीस का मान मागायला? खा!" एक म्हातारी खो खो हसली आणि आणखी एक पळी वाढली. हसण्याची मला इतके दिवस भीती वाटत होती. पण हसल्यावर ते लोक जरा सरकून मला बसायला जागा देत होते, हे मी त्याच दिवशी पाहिलं.

गुंडेरावांची कोप सातवी. मुद्दाम शेवटी ठेवलेली. आम्हाला पाहून ते म्हणाले, "या ताई. आता काय आणलंस? पाकीट का पत्रक?"

"चूक आणलीय, अण्णा," मी म्हणाले.

"किती किलो?"

सगळे हसले. मी पण हसले आणि मग सांगितलं. सगळं. घोषणेसकट. गुंडेराव हातातला उंडा मोडत राहिले. मग अप्पांकडे पाहून म्हणाले, "बिरू, तुझं वरचं रान कसं उभं ऱ्हायलं मग?" अप्पा म्हणाले, "उद्या येऊन हात घालून बग." गुंडेराव माझ्याकडे वळले. "आन तू ताई, हे कागदावर लिहून दे. जेवढी ती घोषणा मोठी लिहिली व्हतीस ना, तेवढ्या अक्षरात."

ते माझं तिसरं पत्रक. वर मोठ्या अक्षरात 'चूक आमची होती', आणि खाली कापलेली ओळ, पूर्ण. संघटनेत यावरून माझ्यावर दोन बैठका झाल्या. अशाने विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं, असं एक ज्येष्ठ म्हणाले. मी म्हणाले, कोलीत आधीच आपल्या हातात होतं, त्यावर आपण लोकांचं शेण तापवलं. हे वाक्य अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं बोलायलीस आता."

पुढची तीन वर्षं मी दर महिन्याला मेहकरला जायचे. अप्पांचे दोन मिस कॉल म्हणजे 'ये', एक म्हणजे 'सगळं बरं हाय'. काम काय होतं? सांगायला साधं, करायला कटकटीचं. वाळलेलं झाड मुळासकट उपटून जाळायचं. तुराटी छपराला, सरपणाला लागते, म्हणून ती घरी ओढत नेताना रोगही घरी नेतो, हे बायकांना पटवायला एक वर्ष गेलं. खालच्या पट्टीत दोन वर्षं तूर नाहीच, ज्वारी. तिसऱ्या वर्षी तूर, तीही ज्वारीच्या ओळींमध्ये. उन्हाळ्यात भाऊकीतली मेंढरं रानात बसवायची, त्यांचं खत सावलीत कुजवून, थंड करून, मग त्यात रांजणातलं विरजण. हो, विरजण. अप्पांचा तोच शब्द. दर हंगामाला ढिगातलं घमेलंभर मागे ठेवायचं, रांजणात, ओल्या गोणपाटाखाली, आणि पुढच्या ढिगाला तेच लावायचं. शिकलेले लोक सांगतात की दर वर्षी नवं पाकीट घ्यावं, जुन्यात नको ते शिरतं. मी हे अप्पांना सांगितलं होतं. ते नवं पाकीटही घालायचे आणि जुनं विरजणही सोडायचे नाहीत. "पावण्यानं घरच्याला हाकलायचं न्हाई," असं म्हणायचे. विरजण मागायला पहिले आले गुंडेराव, घमेलं घेऊन, दिवेलागणीला. कोंडाअक्कांनी त्यांना परत पाठवलं. तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत. दह्याचं असो की रानाचं. गुंडेराव सकाळी पुन्हा आले. गावात एकदाही कुणी या नियमाला हसलं नाही, आणि मीही, अंधश्रद्धेवर चार पत्रकं लिहिलेली, हसले नाही. गावाने ते घरचं म्हणून घेतलं होतं. माझ्या कुठल्या पत्रकाला हे जमलं होतं?

एकदा, दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्का माहेरी गेल्या आणि अप्पा तापाने पडले, तेव्हा रांजण पार कोरडा पडला होता. मी घाबरून विचारलं, मेलं का हो सगळं? अप्पा अंथरुणातूनच म्हणाले, "उकाड्यानं मरतंय. कोरडं पडलं तर नुसतं झोपतंय. गुळाचं पाणी पाज." पाजलं. उठलं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. दोन मिस कॉल आले म्हणून गेले. खालची पट्टी, ओढ्याकडची, जिथे माझ्या पहिल्या वर्षी तुराट्या वाजत होत्या, तिथे ज्वारीच्या ताटांमधून तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळी धमक, मधमाश्यांनी घुमणारी. महादू दिवाळीला आला होता, तो मधोमध उभा होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता. तीन वर्षं पुरी झाली होती, पण पुण्याचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. अप्पा मला एका कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे दोन झाडांनी माना टाकल्या होत्या. उपटून, चिरून, काळी रेघ दाखवली. मला वाटलं ते हताश आहेत. तसं काही नव्हतं. "हाय अजून. जाणार न्हाई ते. ते बी ऱ्हाणार, आपण बी ऱ्हाणार. पर आता रान आपल्या बाजूचं हाय." आणि मग, नेहमीसारखं, "हे लिहून घे. दोन झाडं मेली म्हणून लिही. न्हाईतर घोषणा करशील."

आळंदहून मी मेहकरला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्यालाही गेले, तेव्हा परसात वळले आणि पाहिलं, रांजणावरचं गोणपाट वाळून पापडासारखं कडक झालेलं. इतक्या माणसांत, इतक्या रडण्यात, कुणाला सुचणार पाणी शिंपडायचं? आत हात घातला. कोरडं. वास घेतला. कसलाच वास नाही. त्या दहा दिवसांत मी डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं, तिथे रांजणाला धरून रडले. कोंडाअक्का मागे येऊन उभ्या होत्या. "ते बी गेलं का?" एवढंच विचारलं. मला अप्पांचं बोलणं आठवलं, पण मी कुठलंही वचन दिलं नाही. आता देत नाही मी. कुजकं खत मिसळलं, गुळाचं पाणी दिलं, गोणपाट भिजवून टाकलं आणि अक्कांना म्हटलं, रोज थोडं शिंपडा. त्या म्हणाल्या, सांगायलीस कुणाला?

आणि यंदाची येळवस. अप्पांच्या घरात वर्षाच्या आत सण नाही, म्हणून रानात कोप नव्हती. मी आणि अक्का घरीच होतो. महादू रजा वाढवत वाढवत अजून गावात होता, त्याची बॅग दारामागे भरलेली. दुपारी होलगे होलगे ऐकू आलं, ते अप्पांच्या रानाकडून. महादू पळत गेला. परत येऊन त्याने सांगितलं की गुंडेरावअण्णा आपली आंबील घेऊन आपल्या रानाच्या चारी बांधांनी फिरायलेत, एकटेच, आणि ओढ्याकडच्या पट्टीपाशी गाडगं रिकामं केलं. अक्का उठून परसात गेल्या, पाण्याचा डबा घेतला आणि रांजणाचं गोणपाट बाजूला सारलं. मी परसाच्या दाराशीच बसून होते. उठायचं धाडस होत नव्हतं. महादू हातपाय धुवायला मागे गेला, न्हाणीच्या भिंतीपाशी थबकला आणि त्याने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"आई," तो म्हणाला, "आपल्या घरात नारळ कुणी फोडला?"